परिसंवाद झाला, संवाद राहिला

आमच्या भाषासंस्थेचा मेळावा दरवर्षी २७ फेब्रुवारीच्या आसपास, कुसुमाग्रजांच्या जयंतीला धरून. यंदा फलकावर विषय होता 'सुसंवाद: काळाची गरज'. दहाची वेळ, पावणेबाराला दीपप्रज्वलन. पंख्याच्या वाऱ्याने समई तीनदा विझली आणि पंखा कोणी बंद करायचा यावरून दोन विश्वस्तांतच जुंपली. सुसंवाद!

मग सत्कार. शाल, श्रीफळ, शाल, श्रीफळ... मी अकरा नारळ मोजले. परिसंवादाला उरली वीस मिनिटं. त्यातली अठरा पहिल्या वक्त्याने खाल्ली, ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला हे सांगण्यात. अहो, माहितीये! पुढे बोला की!

एका कॉलेजातल्या मुलीने भीतभीत हात वर केला. 'माझं मराठी जरा मिक्स आहे...' एवढंच म्हणाली, तर मागून एक काका गरजले, 'आधी शुद्ध बोलायला शिक!' पोरगी खालीच बसली. सूत्रसंचालक गोड हसून म्हणाले, 'वेळेअभावी प्रश्नोत्तरं रद्द.'

आभारप्रदर्शन मात्र पंचवीस मिनिटं, पार मांडववाल्यापर्यंत. तोवर बटाटेवडे गारढोण. आणि चटणी संपलेली.