अनधिकृत म्हणजे नकली नव्हे

जुने बिल्ले जमवणाऱ्यांत सध्या एक मजकूर हातोहात फिरतोय. सार असं: जर्मन राजेरजवाड्यांनी खासगीत वाटलेल्या बिल्ल्यांच्या नादी लागू नका. मुकुट असेल तर ते सरकारी पदकच असायला हवं, आणि पदकांच्या यादीत नसेल तर बनावट. 1918 नंतरचं सगळंच खोटं. वर, अशी वस्तू बाळगणं जर्मनीत गुन्हा!

आधी मुकुट. 1871 च्या जर्मन साम्राज्यात एक नव्हे, 22 राजसत्ता होत्या: 4 राजे, 6 ग्रँड ड्यूक, 5 ड्यूक, 7 प्रिन्स. त्यांचे मुकुट नोकरांच्या बटणांवर होते, ताटांवर होते, बग्गीच्या दारावरही होते. कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, दुसरा विल्हेल्म आपल्या नावाचं 'डब्ल्यू' आणि वर मुकुट असलेल्या टायपिना भेट द्यायचा. हा सरळ आहेर आहे. आहेराची नोंद पदकांच्या यादीत कशी सापडणार? यादीत येतं ते रीतसर नियमावली करून स्थापन केलेलं पदक.

1918 च्या, म्हणजे जर्मन राजे पदच्युत झाले त्या वर्षाच्या, मुद्द्यावर मात्र घोडं पेंड खातं. 1919 च्या वायमार राज्यघटनेचं, म्हणजे राजे गेल्यावरच्या जर्मन प्रजासत्ताकाच्या घटनेचं, कलम 109 वाचा. सरकारने मानचिन्हं द्यायची नाहीत, असं ते सांगतं. पदच्युत राजाने आपल्या घरी कुणाला काय द्यावं, हा त्याचा विषयच नाही. विल्हेल्म तर नेदरलँड्समध्ये डोर्नला जाऊन राहिला आणि 1941 मध्ये तिथेच वारला. लाकडं फोडायचा त्याला भारी षोक. फोडलेल्या लाकडाच्या चकतीवर सही करून ती पाहुण्याला द्यायचा. ती चकती नकली म्हणायची का? आणि राज्य जाऊनही देणं सुरू राहण्याची गोष्ट 1918 च्या कितीतरी आधीची. होहेनझोलर्न-झिगमारिंगेन या छोट्या जर्मन संस्थानाच्या प्रिन्सने 1849 मध्ये राज्य प्रशियाच्या हवाली केलं, तरी 1841 चं घराण्याचं मानचिन्ह त्या घराण्याने पुढेही दिलं.

गुन्ह्याचं थोडक्यात. 1957 चा जर्मन कायदा मानचिन्हं कोणी द्यावीत आणि अंगावर काय मिरवावं, याबद्दल आहे. कपाटातल्या राजमुकुटाशी त्याचं वाकडं नाही. नाझींचं स्वस्तिक जाहीरपणे दाखवण्यावरची बंदी वेगळ्या कलमाखाली येते; लोक दोन्हींची खिचडी करतात.

आता त्या मजकुराचं एक म्हणणं खरं, तेही मान्य करतो: बाजारात बनावट माल आहेच. पण तो ओळखायला यादी नाही, वस्तू उलटी करावी लागते. मी स्वतः यात शिकलोय. दुसऱ्या विल्हेल्मचे आजोबा कैसर पहिला विल्हेल्म यांच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव 11 जून 1879 ला झाला. 'त्याच दिवशी वाटलेला' म्हणून एक चांदीचा बिल्ला मी घेतला. पुढून देखणा, कडा झिजलेल्या, रंगही हवा तसा काळवंडलेला. घरी आल्यावर भिंग लावलं तर पिनेच्या बुडाशी बारीक चंद्रकोर, शेजारी मुकुट आणि 800 चा आकडा (हजारात 800 भाग चांदी). चांदीवरची ही चंद्रकोर-मुकुटाची खूण जर्मनीत लागू झाली 1 जानेवारी 1888 पासून. म्हणजे सोहळ्यानंतर निदान साडेआठ वर्षांनी घडवलेला माल!

विकणाऱ्याला दोष देत नाही, त्यालाही ठाऊक नसावं. बिल्ला अजून माझ्याकडेच आहे. डबीत चिठ्ठी घातलीय: 'चांदी खरी, तारीख खोटी.'