रिव्ह्यूला उत्तर: कूलरचं तोंड टेबलांकडे का नव्हतं

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू वाचला. रविवार मोडून, धुळ्याहून जळगावला आमच्या ॲक्रिलिक पेंटिंगच्या वर्कशॉपला येऊन, वर 1,400 रुपये भरून तुम्ही नाराज झालात, याबद्दल मनापासून माफी मागतो. आमच्याकडून कोणी असं परत जावं, ही माझी इच्छा कधीच नसते.

पण तुम्ही जे लिहिलंय त्यातल्या काही गोष्टी मला खरंच लागल्या. तुमचं म्हणणं असं, की मे महिन्यात कूलर असून बंद ठेवला, लाइट बिल वाचवायला. मीडियमच्या, म्हणजे रंगासोबत वापरायच्या पेस्ट-जेलच्या, नावाखाली पुट्टी आणि फेव्हिकॉल खपवलं. आठ दिवसांत पेंटिंगला भेगा पडल्या. आणि शेवटी एक स्टार देऊन ‘शुद्ध फसवणूक’.

कूलर बंद नव्हता, ताई. तो चालूच होता, फक्त त्याचं तोंड टेबलांकडून दाराकडे फिरवलेलं होतं. मी ते सगळ्यांसमोर फिरवलं आणि का फिरवलं तेही सांगितलं. तुम्ही तेव्हा व्हिडिओ काढत होतात, कदाचित ऐकू आलं नसेल, म्हणून इथे पुन्हा सांगतो. ॲक्रिलिक सुकतं ते त्यातलं पाणी उडून. पाणी गेलं की प्लॅस्टिकचे बारीक कण एकमेकांना चिकटून पापुद्रा तयार होतो. पातळ रंगाला याचा काही त्रास नाही. पण मॉडेलिंग पेस्टच्या, म्हणजे चित्रात उठाव आणायच्या घट्ट लेपाच्या, जाड थरावर थेट वाऱ्याचा झोत बसला, की वरचा भाग आधी धरतो, दुधावर साय धरते तसा, आणि आत सगळं ओलंच राहतं. मग आतलं पाणी हळूहळू उडतं, आतला थर आक्रसतो, वरच्या कडक पापुद्र्याला ताणता येत नाही, आणि तो फाटतो. भेग पडते ती अशी. जळगावचा मे म्हणजे 43-44 अंश आणि कोरडी हवा, म्हणजे वाळायची घाई आधीच झालेली असते. मी स्वतःच्या जाड कामावर तर रात्री सैलसर प्लॅस्टिक पांघरतो, कडेने थोडी हवा राहील असं, म्हणजे ते सावकाश वाळतं. उकाड्याचा त्रास झाला हे मान्य, मलाही घाम येत होता. पण तो तुमच्याच कॅनव्हाससाठी होता, बिलासाठी नाही.

आता भेगांचं. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर नको, तो पूर्ण वाळला की त्यावर दुसरा द्या, हे मी सुरुवातीलाच सांगतो आणि त्या दिवशीही सांगितलं. तुम्हाला सातपुड्याची रांग उठून दिसायला हवी होती. तुम्ही पॅलेट नाइफने, म्हणजे रंग-पेस्ट लावायच्या पात्याने, बोटाएवढी पेस्ट एका दमात चढवली आणि तिच्यावरून कंगवा ओढला. मनापासून सांगतो, त्या रेघा सुंदर आल्या होत्या. पहिल्यांदा नाइफ धरणाऱ्याच्या हातात एवढा जोर मी क्वचित पाहतो. म्हणूनच म्हणालो होतो, हा कॅनव्हास दोन-तीन दिवस इथेच आडवा राहू द्या, मी धुळ्याला कोणाबरोबर तरी पाठवून देतो. पण तुम्हाला तो त्याच संध्याकाळी न्यायचा होता. पॉलिथिनमध्ये गुंडाळून गाडीच्या डिकीत गेला. ॲक्रिलिक उष्णतेने मऊ पडतं आणि प्लॅस्टिकला चिकटतं, त्यात उन्हात तापलेली बंद डिकी. कॅनव्हास तुमचा, मी अडवणार कसा?

पुट्टीबद्दल. तुम्ही टाकलेला फोटो मी मोठा करून नीट पाहिला. बारीक भेगा आहेत, पण एकही खपली सुटलेली नाही. भिंतीची पुट्टी असती तर कॅनव्हास जरासा लवल्याबरोबर तुकडे गळून पडले असते, कारण पुट्टीला लवचीकपणा नसतो. मॉडेलिंग पेस्टमध्ये संगमरवराची बारीक पूड असते, पण ती ॲक्रिलिक बाइंडरमध्ये, म्हणजे कण धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवात, घोटलेली असते, म्हणून ती धरून राहते. आणि ज्याला तुम्ही फेव्हिकॉल म्हणालात ते हेवी जेल. ओलं असताना दुधासारखं पांढरं, वाळल्यावर पारदर्शक. तुमचा निळा घरी गेल्यावर गडद झाला म्हणता, तोही याच कारणाने. ओल्या बाइंडरचा पांढरेपणा गेला की खालचा खरा रंग दिसतो. डबे सगळ्यांसमोर उघडले होते, लेबलसकट टेबलावरच होते.

पाहुणे तुमच्या पेंटिंगला ‘चिखल’ म्हणाले, तेही तुम्ही लिहिलंय. ताई, अजिंठा आपल्याला किती जवळ. तिथल्या चित्रकारांनी रंगाआधी खडकावर मातीचाच थर दिला होता, त्यात भुसा आणि झाडपाल्याचे धागे घालून. आम्ही जेलमध्ये केळीचा धागा बसवतो तो काही उगाच नाही. अमूर्त काम सगळ्यांना आवडावं असा आग्रह मी धरत नाही, पण त्याला चिखल म्हटलं की मनाला लागतं.

फीमध्ये कॅनव्हास, पेस्ट, जेल, रंग आणि जेवण सगळं येतं. यात मला फार काही सुटत नाही. वर्षाचं भाडं निघतं ते सुट्टीतल्या बॅचवर, आणि तुमचा रिव्ह्यू वाचून काही पालकांनी मुलांची नावं काढून घेतली. हे लिहायला जिवावर येतं, पण खरं आहे.

बसण्याच्या जागेचं आणि उकाड्याचं काहीतरी करतोच, सूचनाही छापून देता येतील का ते बघतो.

पेंटिंग मात्र टाकून देऊ नका. आणून द्या किंवा कोणाबरोबर पाठवा. भेगांमध्ये नाइफने जेल दाबून, वाळवून, वरून रंग जुळवून देता येतो, आणि त्याचे पैसे मी घेणार नाही. स्टार वाढवा असंही म्हणत नाही. तेवढा ‘फसवणूक’ हा शब्द काढलात तर बरं होईल.

आपला,
स्टुडिओचालक, जळगाव