दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : स्कोअर तिप्पट, मग काम तेवढंच का?

नमस्कार सर. तुम्ही लिहिलंत, "दुकानातल्या तक्त्यावर नव्या लॅपटॉपचा स्कोअर माझ्या जुन्याच्या तिप्पट, पण मंडळाच्या स्मरणिकेची पीडीएफ व्हायला वेळ तेवढाच. शुद्ध फसवणूक." फसवणूक म्हटलेलं लागलं, पण तक्रार खोटी नाही. शनिवारी शहापूरला तुमच्या ऑफिसात बसून जे बघितलं, ते इतर गिऱ्हाइकांनाही कळावं म्हणून इथंच लिहितो.

तक्त्यावरचा आकडा सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामचा, तोही मल्टी-कोअरचा, म्हणजे प्रोसेसरमधले सगळे कोअर (काम करणारे भाग) एकदम चालवून काढलेला. सिनेबेंच एका चित्राचे तुकडे पाडून सगळ्या कोअरना वाटून देतं. तुमच्या आय5-1335यू प्रोसेसरमध्ये 10 कोअर आहेत, 2 दांडगे, 8 छोटे. दहाही जुंपले की आकडा फुगतोच. व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला तो फायदा खरोखर मिळतो. तुमचं पानं लावायचं सॉफ्टवेअर मात्र वीसेक वर्षांपूर्वीचं, एका वेळी एकाच कोअरवर चालणारं. टास्क मॅनेजरमध्ये बघितलंत की, एखादाच आलेख उसळत होता, बाकीचे निपचित.

हे आजचं नाही म्हणा. 2000 साली इंटेलचा पेंटियम 4 प्रोसेसर आला तो 1.5 गिगाहर्ट्झचा (चिपच्या ठोक्यांचा वेग), पण कितीतरी जुन्या प्रोग्रामांत 1 गिगाहर्ट्झचा पेंटियम 3 त्याला मागं टाकायचा. नव्या चिपमधला एसएसई2 हा जादा सूचनांचा संच वापरणारी सॉफ्टवेअरं यायची होती. दुकानदार मात्र गिगाहर्ट्झ सांगूनच माल खपवायचे.

तरीही एकाच कोअरवर नवा लॅपटॉप जुन्याच्या बरोबरीत राहणं मला पटेना. मग तुमच्या हाताकडं लक्ष गेलं. एक्सपोर्ट दाबलं की तुम्ही लगेच खिडकी मिनिमाइझ करून व्हॉट्सॲप उघडता. विंडोज 11 अशा झाकलेल्या प्रोग्रामचं काम बरेचदा छोट्या कोअरवर ढकलतं, वीज वाचावी म्हणून. तीच फाइल, मराठी मनोगत आणि कन्नड जाहिरातींसकट, आधी मिनिमाइझ करून 2 मिनिटं 45 सेकंदांत झाली. नंतर चार्जर लावून, पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' करून आणि खिडकी समोर ठेवून 1 मिनिट 50. तुमच्या जुन्यावर 2 मिनिटं 50. म्हणजे फायदा आहे, पण तिप्पट नाही.

चूक आमची आहे. आमच्या पोरानं तक्ता दाखवला, तुम्ही कशावर काम करता ते विचारलंच नाही. विचारलं असतं तर कमी कोअरचा, स्वस्तातला लॅपटॉप सुचवला असता. तक्ता आता काढलाय. सिंगल-कोअरचा आकडा वेगळा लिहून, आणि गिऱ्हाइकाची स्वतःची फाइल चालवून दाखवल्याशिवाय लॅपटॉप द्यायचा नाही असं ठरवलंय.

तुम्हाला बदलून हवा असेल तर बिल आणि चार्जर घेऊन 15 दिवसांत या, फरकाचे पैसे परत देतो. पेनड्राइव्हवर स्मरणिका मात्र आणा. बुधवारी दुकान बंद असतं.