दुबईत शिक्षकांच्या कुटुंबाचा दवाखाना फुकट? खुलासा

‘दुबईतल्या इंटरनॅशनल स्कूलमध्ये लागलात की पगार करमुक्त आणि अख्ख्या कुटुंबाचा दवाखाना फुकट’ असा मेसेज शिक्षकांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. पहिला भाग बरोबर आहे, तिथे पगारावर आयकर नाही. दुसरा मात्र चुकीचा, आणि त्यावर विसंबून लोक घरदार हलवतात म्हणून काळजी वाटते.

दुबईच्या 2013 च्या कायद्यानुसार शाळेला फक्त कर्मचाऱ्याचा आरोग्य विमा काढावा लागतो. पती-पत्नी, मुलांचा विमा त्यांचा व्हिसा ज्याच्या नावावर, त्याने काढायचा. काही शाळा तो देतात, पण करारात लिहिलेलं असेल तरच धरा. विमा असला तरी सगळं फुकट नसतं; साध्या पॉलिसीत बिलाचा काही वाटा आपल्यालाच भरावा लागतो. घरात कुणाला मधुमेह असेल किंवा बाळंतपण जवळ आलं असेल, तर सही करण्याआधी पॉलिसीचा कागद मागून घ्याच.

आणखी एक, ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात: पहिली पाच वर्षं दरवर्षी 21 दिवसांचा, पुढे 30 दिवसांचा. एकूण पगाराचा आकडा मोठा, पण त्यातला मूळ पगार लहान असेल तर निघताना हाती कमीच येतं.