‘२१ दिवसांत सवय लागते’ हे खरं नाही

एक मजकूर वर्षानुवर्षं फोनाफोनांतून फिरतो आहे. थोडक्यात तो असा: ‘कोणतीही गोष्ट सलग २१ दिवस करा, ती सवय होते. मध्ये एक दिवस जरी चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून मोजा. ज्याची इच्छाशक्ती पक्की, तोच टिकतो. रोज डोळे मिटून यशस्वी झालेल्या स्वतःला पाहा, मेंदू तेच खरं मानतो.’ खाली मानसशास्त्राचा हवाला. वाचून हुरूप येतो, म्हणून लोक तो पुढे पाठवतात. पण बाविसाव्या दिवशीही अंथरुणातून उठणं तितकंच जड जातंय हे पाहून ‘माझ्यातच काहीतरी खोट आहे’ असं ठरवून टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना या मजकुराने फसवलंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी २१ हा आकडा. तो सवयींच्या अभ्यासातून आलेलाच नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ हे अमेरिकन प्लास्टिक सर्जन. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना साधारण तीन आठवडे लागतात, असं त्यांच्या पाहण्यात आलं आणि १९६० साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी ते लिहिलं. तेही ‘निदान इतके दिवस तरी लागतात’ अशा बेताने. नव्या चेहऱ्याला सरावणं कुठे आणि रोज पहाटे पळायला जाणं कुठे! पण आकडा सुटसुटीत होता, तो उचलला गेला.

सवय लागायला किती दिवस लागतात, हे मोजलं गेलं ते पुष्कळ नंतर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना खाणं, पिणं किंवा व्यायाम यांतली एकेक नवी गोष्ट निवडायला सांगितली. ती रोज ठरलेल्या वेळी करायची, १२ आठवडे, आणि ती किती आपसूक होते याची रोज नोंद करायची. मधला आकडा निघाला ६६ दिवसांचा. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो फरक: कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४. (अभ्यास ८४ दिवसांचाच होता, त्यामुळे मोठे आकडे आलेख पुढे नेऊन काढलेले अंदाज आहेत.) पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला बराच जास्त वेळ लागला. म्हणजे ६६ हासुद्धा कुणी नवा मंत्र करू नये. तुमची सवय कोणती आणि दिवस कसा, यावर सारं अवलंबून आहे.

‘एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून.’ हे चारांतलं सर्वांत घातक विधान, आणि ते खोडायला वेगळा पुरावाही नको. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. आधीचे दिवस वाया जात नाहीत.

उलट, सगळं संपलं असं मानण्यानेच घसरण होते. १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वजनासाठी खाण्यावर ताबा ठेवणाऱ्या स्त्रियांपैकी काहींना आधी मिल्कशेक प्यायला दिलं आणि मग चव सांगण्यासाठी आइस्क्रीम समोर ठेवलं. मिल्कशेक प्यायलेल्यांनी आइस्क्रीम कमी खायला हवं होतं. त्यांनी जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, मग आता कशाला आवरायचं, असा तो हिशेब. मजकुरातलं दुसरं वाक्य हाच हिशेब लोकांना शिकवतं.

आणि चुकल्यावर स्वतःला फटकारल्याने माणूस सुधारतो, हाही समजच. मायकल वोल यांच्या २०१० च्या अभ्यासात पहिल्या परीक्षेच्या वेळी चालढकल केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं होतं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल कमी केली.

तिसरं विधान इच्छाशक्तीचं. इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळा अपराधीपणा इथूनच येतो.

सवयींचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०११ चा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. चित्रपटगृहात आलेल्यांपैकी काहींना ताजे पॉपकॉर्न दिले, काहींना आठवडाभरापूर्वीचे, वातड झालेले. ज्यांना चित्रपट बघताना पॉपकॉर्न खायची सवय नव्हती, त्यांनी शिळे फारसे खाल्ले नाहीत. ज्यांना पक्की सवय होती, त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले, आणि वर हे चांगले नाहीत असंही सांगितलं! हेच पॉपकॉर्न दुसऱ्या काहींना चित्रपटगृहाऐवजी साध्या मीटिंगच्या खोलीत दिले, तेव्हा सवयीच्या माणसांनीही शिळे बाजूला सारले. पुढच्या प्रयोगात चित्रपटगृहातच, पण नेहमीच्या हाताने न खाता दुसऱ्या हाताने खायला सांगितलं. तेवढ्यानेही सवयीची पकड सैल झाली.

मग खोलीतल्या माणसांची इच्छाशक्ती चित्रपटगृहातल्यांपेक्षा जास्त होती का? नाही. अंधार, पडदा, खुर्ची आणि हातातला डबा हेच चित्रपटगृहातल्यांकडून खाववून घेत होते. सवय जागेला, वेळेला आणि आधीच्या कृतीला चिकटलेली असते. रात्री फोन उशाशी ठेवून ‘आज बघणार नाही’ म्हणणारा माणूस दुबळा नसतो. तो रोज नको त्या जागी लढतो. फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत लावला, तर ती लढाई निम्मी होते.

ज्यांचा स्वतःवर ताबा आहे असं आपण म्हणतो, तेही दिवसभर मनाशी झगडत नसतात. जर्मनीत २०५ प्रौढांना दिवसातून अनेकदा ‘आत्ता कशाची इच्छा होते आहे, ती रोखता आहात का’ असं विचारलं गेलं. विल्हेल्म हॉफमन यांच्या या २०१२ च्या अभ्यासात संयमी माणसांनी मोह कमी वेळा रोखल्याचं सांगितलं. मोहाचे प्रसंगच त्यांच्या वाट्याला कमी येत होते.

आणखी एक गोष्ट, जी हा मजकूर पाठवणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावी. कित्येक आठवडे कशातच रस वाटत नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, साधी अंघोळसुद्धा डोंगराएवढी वाटते, तर तो आळस नसून नैराश्य असू शकतं. अशा माणसाला आव्हानांची यादी देऊ नका. त्याला डॉक्टरकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला मदत करा, शक्य असेल तर सोबत जा.

राहिलं डोळे मिटून यश पाहणं. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल एटिंगन यांनी २००२ मध्ये डोरिस मायर यांच्यासोबत, शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. छान नोकरी लागल्याच्या स्वप्नात जे जास्त रमले, त्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्याही कमी मिळाल्या आणि पगारही कमी. ‘आपल्याला जमेल’ असा विश्वास असणाऱ्यांचं मात्र चांगलं झालं. विश्वास आणि दिवास्वप्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजकुरात त्यांची सरमिसळ झाली आहे.

एटिंगन यांचाच सल्ला असा की हवं ते डोळ्यांसमोर आणा, पण लगेच त्याच्या आड नेमकं काय येतं तेही पाहा. मग मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी अभ्यासलेली ‘जर-तर’ची योजना करा, म्हणजे कोणत्या प्रसंगी नेमकं काय करायचं ते आधीच ठरवा. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा नुसत्या इराद्यापेक्षा या योजनेचा उपयोग चांगलाच जास्त दिसला. ‘रोज व्यायाम करीन’ असं नको. ‘कामावरून आल्यावर बूट काढण्याआधी दहा मिनिटं चालून येईन’ असं. आणि ‘पाऊस असेल, तर तेवढाच वेळ जिन्याने वर-खाली करीन’ हेही आधीच ठरलेलं.