पथ्यकरी पाहुणे आणि एक पडवळ

पूर्वी पाहुण्याला फोनवर एवढंच विचारायचं असायचं, "किती जण येताय?" आता "काय काय खात नाही?" हे आधी विचारावं लागतं, आणि उत्तर लिहून घ्यायला वही लागते. नणंद सहकुटुंब जेवायला येणार म्हटल्यावर मी रीतसर ग्रुपवर प्रश्न टाकला. तासाभरात सगळ्या घराण्याची आहारसंहिता हातात पडली.

भाऊजी दीक्षित डाएटवर. दिवसातून दोनदाच जेवायचं, तेही 55 मिनिटांत उरकायचं. मध्ये बडीशेपसुद्धा नाही. थोरला भाचा कीटोवर, म्हणजे लोणी, तूप, पनीर हवं तेवढं, पण भात-पोळी दिसली की तोंड फिरवणार. भाची बंगळुरूला नोकरीला गेली आणि व्हीगन झाली. तिला दूध, दही, तूपच काय, मधही बाद. एकाच आईची लेकरं, पण एकाचा घास तुपाशिवाय उतरत नाही आणि दुसरीला शेजारच्या पानातल्या तुपाचा वाससुद्धा नको. धाकट्या भाच्याने ग्लूटेन सोडलेलं, म्हणजे गहू बंद, आणि त्याची बायको जैन. नणंद तेवढी म्हणाली, "माझं काही नाही गं वहिनी, मी सगळं खाते. फक्त संध्याकाळी सातनंतर नाही." जेवण रात्री साडेआठचं ठरलं होतं. ते दुपारी एकवर आणलं.

खरं सांगू का, सगळ्यांत सोपी पाहुणी ती जैन सून. जन्मापासून नियमांत वाढलेली, त्यामुळे पर्याय तोंडपाठ. "मामी, आल्याऐवजी सुंठ घाला. बटाट्याच्या जागी कच्चं केळं." विषय संपला. अवघड असतात ते मागच्या महिन्यात दीक्षा घेतलेले. ते पथ्यापेक्षा प्रवचन जास्त देतात.

सगळ्यांना चालेल असं काय, याचा शोध घेत मी शेवटी पडवळापाशी पोचले. उभ्या आयुष्यात पडवळाला एवढा मान मिळाला नसेल! तेलाची फोडणी, वर ओलं खोबरं, कोथिंबीर. झालं, असं वाटलं. आदल्या रात्री सहज हिंगाची डबी हातात घेतली. वरची अक्षरं इतकी बारीक की ह्यांचं पेपर वाचायचं भिंग आणावं लागलं. खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ आणि मग हिंग! म्हणजे चिमूटभर हिंगातूनही गहू डोकावणार. सकाळी वाण्याकडून खडा हिंग आणला, तो खलबत्त्यात कुटताना शेजारीण बेल वाजवून विचारून गेली, घरात काही दुरुस्ती चाललीय का.

इथे एक सांगायला हवं. ज्यांना सीलिॲकचा आजार आहे त्यांना गव्हाचा कणही खरोखर बाधतो. आमच्या ओळखीत असा एक मुलगा आहे. तो कुठेही गेला तरी आपला डबा नेतो आणि कोपऱ्यात शांतपणे जेवतो. आमच्या भाच्याने ग्लूटेन सोडलं ते रील बघून. आणि सोडल्याचं तो दर घासाला सांगतो.

आजीच्या स्वयंपाकघरात नियम काय कमी होते? चातुर्मास लागला की कांदा, लसूण, वांगी बंद. पण बंद होण्याआधी कांदेनवमीला पोटभर कांदाभजी, आणि पुन्हा सुरू करायला चंपाषष्ठीचं भरीत-रोडगा. हल्लीचा चीट डे म्हणजे दुसरं काय? फरक एवढाच की आजीच्या घरात सगळ्यांचं पंचांग एक होतं. आता ज्याचं त्याचं पंचांग त्याच्या फोनमध्ये. सोवळंही परत आलंय. त्या दुपारी माझ्या ओट्यावर तुपाचा डाव वेगळा, व्हीगन डाव वेगळा. भाकरीच्या परातीला कणकेचा हात लागू द्यायचा नाही. आजी असती तर पदर खोचून मदतीला उभी राहिली असती.

पाहुणे वेळेत आले, भाची सोडून. तिची गाडी लेट. तिची वाट बघता बघता भाऊजी स्वयंपाकघरात डोकावले आणि नकळत काकडीची एक फोड तोंडात टाकली. चावता चावताच त्यांचा चेहरा पडला. "सुरू झालं," म्हणाले, आणि मोबाइलवर टायमर लावला. भाची आली तेव्हा त्यांच्याकडे आठ मिनिटं उरली होती. मी पळत पळत त्यांचं पान वाढलं. वरण, भात, पडवळ, तांदळाची भाकरी, सगळं त्यांनी मान वर न करता संपवलं. टायमर वाजला आणि तेवढ्यात मी नारळाच्या दुधातली खीर बाहेर आणली. इतरांच्या वाट्या रिकाम्या होईपर्यंत भाऊजी खिरीकडे बघत बसले होते. कीटोवाल्याने "नुसता वास घेतो" म्हणून वाटी नाकाशी नेली. परत ठेवली तेव्हा ती निम्मी झाली होती.

निघताना नणंद चपला घालता घालता म्हणाली, "वहिनी, पुढच्या रविवारी तुम्ही दोघं आमच्याकडे. तुझं काही पथ्य असेल तर आत्ताच सांग हं."

"आहे ना," म्हटलं. "हल्ली मला फक्त दुसऱ्याने केलेलं चालतं."

"अगंबाई! आणि भांडी?"

"तीही दुसऱ्यानेच घासलेली."

तिने लगेच मोबाइल काढून टिपून घेतलं.