टेस्ट माफ झालेली नाही, भाऊ

'१ जून २०२४पासून आरटीओत टेस्ट नाही, ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला पुरे' हा मेसेज जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर अजून फिरतोय. तो चुकीचा आहे. त्या तारखेपासून काहीही बदलणार नसल्याचं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने तेव्हाच सांगितलं होतं. सूट आहे ती फक्त मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्राचा फॉर्म ५बी, म्हणजे तिथला कोर्स पूर्ण केल्याचा दाखला, असणाऱ्यांना, आणि तीही २०२१च्या नियमांतली. गल्लीतल्या साध्या स्कूलच्या फॉर्म ५वर टेस्ट टळत नाही. तेव्हा लर्निंग मिळाल्यावर पक्क्या लायसन्सआधीचे ३० दिवस हात बसवा. लर्निंग ६ महिनेच चालतं. रिव्हर्सचा सराव जास्त करा. मी स्वतः पहिल्यांदा तिथेच नापास झालो होतो.